किटलीचं तोंड, कंपाउंडरचं नाक

मित्रांनो, आधी नाकाला रुमाल लावा बघू. लावलात? मग ऐका. मी एक जुनी दुधाची किटली आहे, चाळीस लिटरची, ॲल्युमिनियमची. 'दुधाची' म्हणायचं ते आता केवळ सवयीनं. माझ्या पोटात काय काय पडलंय ते सांगायला घेतलं तर तुम्ही भरल्या ताटावरून उठाल. आणि मी ते सांगणार आहे. सोसलं मी, तुम्हाला नुसतं ऐकायलाही नको होय?

जन्मले तेव्हा मी किती देखणी होते म्हणून सांगू! कारखान्यात एका चकचकीत पत्र्याला दाबून, फिरवून, ठोकून मला आकार दिला. दोन बाजूंना दोन कान बसवले, साखळीनं बांधलेलं घट्ट झाकण दिलं आणि पोटावर लाल रंगानं आकडा घातला, सत्तावीस. तिथून मी दूध केंद्रावर कामाला लागले. रोज पहाटे गरम पाण्यानं आणि सोड्यानं आंघोळ. मग फळीवर पालथं पडून निथळायचं. मग दूध. माझ्या अंगाला दुसऱ्या कशाचा स्पर्श म्हणून नव्हता.

केंद्राच्या दारात दूध तपासणारी उभी असायची. सडपातळ अंगाची, पांढरा ॲप्रन घातलेली, कमी बोलणारी. यंत्रं नंतर, आधी तिचं नाक. गवळी झाकण उचलायचा, ती वाकायची, किटलीच्या तोंडाशी नाक नेऊन एकच श्वास घ्यायची. मग दोनपैकी एक शब्द. "घ्या" किंवा "परत". तिसरा शब्द तिच्याकडे नव्हता. गवळी शपथा घ्यायचे, "ताई, आत्ताच काढलंय हो, अजून कोमट आहे!" ती ऐकूनही घ्यायची नाही. तिच्या नाकापुढे भल्याभल्यांची डाळ शिजली नाही.

एकदा मला कुणीतरी थंड पाण्यानं विसळून तसंच दूध भरलं. ती वाकली, श्वास घेतला आणि म्हणाली, "सत्तावीस, परत." सगळ्या किटल्यांसमोर! तो दिवस आठवला की आजही माझा पत्रा गार पडतो.

पुढं एकदा टेम्पोतून घरंगळले आणि बुडाशी चेपले. तळाला एक बारीक घडी पडली. त्याच बाईनं घडीवर नख फिरवलं आणि सांगितलं, "यात दूध अडकणार. बाद." मला वाटलं, संपलं, आता भट्टी. पण संध्याकाळी तिनंच मला सायकलला बांधलं आणि आपल्या घरी नेलं. तिच्या सासूबाईंना मागच्या अंगणात ठेवायला काहीतरी हवं होतं म्हणे.

या घरात चार माणसं. सासरे दवाखान्यात कंपाउंडर होते, पस्तीस वर्षं औषधं कालवून बाटल्या भरलेले. डोळे मिटून नुसत्या वासावरून बाटली ओळखायचे. त्यामुळे त्यांना घरीदारी सगळे कंपाउंडरच म्हणायचे, आणि त्यांच्या बायकोला कंपाउंडरीणबाई. मुलगा वायरमन. आणि ही दूध तपासणारी, म्हणजे त्यांची सूनबाई. स्वयंपाकघराच्या मागं एक अरुंद अंगण, एक नळ, एक पायरी आणि दोन खाटांएवढे दोन वाफे.

कंपाउंडरीणबाईंनी मला गोल फिरवून पाहिलं, पोटावर टकटक केलं आणि मुलाला म्हणाल्या, "हिला भोकं पाड रे. खाली आणि बाजूनं." भोकं! ज्या पोटातून दुधाचा थेंब गळू दिला नव्हता त्या पोटाला! वायरमननं ड्रिल लावलं आणि माझी चाळण केली. दुसऱ्या दिवशी बटाट्याच्या साली आल्या. मग चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, भाजीची पिवळी देठं. शी! मला ओकारी येत होती. पण मला एकच तोंड, तेही कायम वर, ओकणार कुठून?

खोटं कशाला बोलू, बाईंच्या हाताखाली मात्र मी घाण झाले नाही. त्या ओंजळभर कचऱ्यावर दोन ओंजळी कोरडी पानं टाकायच्या. झाकण कधी घट्ट लावलं नाही. विटेच्या तुकड्यावर तिरकं टेकवायच्या, म्हणजे वारं खेळतं. दर शनिवारी काठीनं ढवळायच्या. आणि हिवाळा सरत आला की नवऱ्याला हाक मारायच्या, "अहो, या जरा, नाक घेऊन या!" कंपाउंडर चष्मा सावरत यायचे, मूठभर खत उचलून नाकाशी धरायचे आणि डॉक्टरासारखा चेहरा करून सांगायचे, "अजून कच्चं आहे. आठ दिवस थांब." आठ दिवसांनी पुन्हा. ते "झालं" म्हणेपर्यंत बाई वाफ्यात बी टाकायच्या नाहीत. भरायचं त्यांनी, वास घ्यायचा यांनी, असं त्या दोघांचं ठरलेलंच होतं.

बी कसलं म्हणाल तर घेवड्याचं. पांढऱ्यावर जांभळे ठिपके असलेलं. बाईंच्या आईनं त्यांना दिलेलं, बाजारात कुठंही न मिळणारं. दरवर्षी वेलावरच्या सगळ्यात चांगल्या शेंगा त्या तोडायच्या नाहीत, वाळू द्यायच्या. त्यांचं बी औषधाच्या तपकिरी बाटलीत भरायचं आणि बाटलीला वर्षाची चिठ्ठी चिकटवायची.

मग दोन वर्षांमागं हिवाळ्यात या घरात ताप आला. नवराबायको दोघंही एकदमच पडले. आठ दिवसांत बाई गेल्या. कंपाउंडर वाचले. त्यांचा ताप उतरला, पण जाताना त्यांचं नाक घेऊन गेला.

हे कुणालाच माहीत नव्हतं, फक्त मला. बरे झाल्यावर ते एका दुपारी मागं आले, माझं झाकण उचललं आणि वाकून वास घेतला. पुन्हा घेतला. आत जाऊन लसणाची पाकळी आणली, चिरडून नाकाशी धरली. मग बामाची डबी. मग मला वरून झाकण दाबून लावलं आणि पायरीवर कितीतरी वेळ बसून राहिले. कुणाला सांगितलं नाही. नाकावर इज्जत कमावलेला माणूस, कसं सांगणार? शिवाय मुलगा म्हणाला असता, आता गॅसजवळ फिरकायचं नाही. सकाळचा पहिला चहा ते स्वतः करायचे, तेवढंच एक काम त्यांच्या हातात उरलं होतं.

आणि माझे हाल सुरू झाले. बाईंची किटली आपण चालवायची असा त्यांनी हट्ट धरला. पण पानं टाकायचं त्यांच्या लक्षातही नव्हतं, ते खातं बाईंचं. झाकण घट्ट. भोकं बुजलेली. वास येत नाही म्हटल्यावर सगळं ठीकच चाललंय अशी त्यांची समजूत. शिळा भात आला. माशांचे काटे आले. बुळबुळीत झालेली काकडी, भिजलेला पाव, प्लास्टिकच्या पिशव्यांचे कोपरे, एकदा तर बोटाची वापरलेली मलमपट्टी. शी शी शी! माझ्या पोटात पांढऱ्या अळ्या वळवळायला लागल्या. तळातून काळं, तारा सुटणारं पाणी पाझरायला लागलं. आणि एके दिवशी त्यांनी माझ्यात पातेलंभर नासकं दूध ओतलं. दूध! माझ्यात! नासकं! मित्रांनो, त्या दिवशी भंगारवाला हाक मारत गेला तेव्हा मला त्याच्या गाडीवर उडी मारावीशी वाटली.

सूनबाई अंगणात यायची ती तोंडाला ओढणी गुंडाळून. कपडे वाळत घालताना श्वास रोखायची आणि आत जाऊन सोडायची. तिचं नाक म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगितलंच आहे. तिला काय होत असेल! पण एक अक्षर बोलली नाही. ही सासूबाईंची किटली, आणि बाई जाऊन फार दिवस झाले नव्हते. शेजाऱ्यांनी आमच्या बाजूची खिडकी बंद केली, ती पुन्हा उघडलीच नाही.

यंदा हिवाळा सरायला लागला आणि एका सकाळी कंपाउंडर ती तपकिरी बाटली घेऊन पायरीवर बसले. बी हातावर ओतून मोजलं. बावीस दाणे. चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून वाचली आणि माझ्याकडे बघून, म्हणजे तसं कुणाकडेच न बघता, म्हणाले, "तिसरं वर्ष लागलं. घेवड्याचं बी याच्यापुढं रुजत नाही. यंदा उगवलं तर उगवलं, नाहीतर हिचं सगळं संपलं."

दोन वर्षं त्यांना वाफ्याकडे बघवलंच नव्हतं. आता मात्र ते घाईला आले. जमीन अजून बर्फासारखी गार, सकाळी दवानं पाय सुन्न व्हायचे. तरी त्यांनी दोन्ही वाफे खणले. मग माझ्याकडे आले. झाकण उघडलं. मूठ भरून नाकाशी नेली, डोळे मिटले, डॉक्टरासारखा चेहरा केला आणि म्हणाले, "झालं."

झालं? काय झालं? आत सगळा राडा होता! मला जीभ असती तर किंचाळले असते. सूनबाईनं खिडकीतून बघितलं. नाक दाबूनच म्हणाली, "बाबा, ते अजून कच्चं वाटतंय हो."

"पस्तीस वर्षं नाकावर काढलीत मी," कंपाउंडर ताडकन म्हणाले. "तू तुझं दूध बघ."

सूनबाईचा चेहरा पडला. ती आत गेली. यांनी दोन टोपल्या भरून ती घाण पहिल्या वाफ्यात मिसळली आणि बारा दाणे लावले.

दहा दिवस झाले, काही नाही. बारा झाले. वाफ्यावर बारीक काळ्या माश्या घिरट्या घालायला लागल्या. पंधराव्या दिवशी त्यांनी बोटानं माती उकरली. दाणा सापडला, पण तो दाणा नव्हता. नुसतं साल, आत मऊ पिवळा लगदा, आणि लगद्यात पाय नसलेली पांढरी अळी, गुबगुबीत, जेवून सुस्तावलेली. दुसरा उकरला, तेच. बाराच्या बारा तसेच. कच्च्या खताच्या वासावर माश्या आल्या, अंडी घातली, आणि गार मातीत कुजत पडलेलं बी अळ्यांनी फस्त केलं. आणि ती अळी माझ्याच पोटातल्या घाणीनं बोलावलेली. मला माझी स्वतःची अशी किळस कधीच आली नव्हती.

तेवढ्यात वायरमन कामावरून आला. वाफा बघितला, मला बघितलं, आणि त्याचा बांध फुटला. "बस झालं, बाबा! किती दिवस सोसायचं? रविवारी भंगारवाला बोलावतो आणि ही घाण देऊन टाकतो."

"थंडी जास्त पडली म्हणून झालं ते," कंपाउंडर म्हणाले. "खताचा काही दोष नाही. उरलेलं बी मी आत्ताच लावतो दुसऱ्या वाफ्यात. दहा आहेत अजून." आणि बाटली उघडून उरलेले दाणे त्यांनी तळव्यावर घेतले.

सूनबाई दारात होती. ती म्हणाली, "खत तेच घालणार?"

"मग काय! आत्ताच वास घेतलाय मी. कसा छान मातकट येतोय."

माझं झाकण त्या वेळी उघडं होतं. माझ्या तोंडातून असा भपकारा येत होता की सूनबाईनं चौकट धरून ठेवली होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. ते माझ्यापासून हातभरावर उभे, तोंडाला काही नाही, कपाळावर एक आठी नाही. खोटं बोलणारे गवळी तिनं आयुष्यभर पाहिले होते. पण इथं तिची नजर बदलली. "अंधारतंय बाबा," ती हळूच म्हणाली. "उद्या लावा. एवढं माझं ऐका."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पायरीवर दोन कप घेऊन आली. दोन्हींत दूध, दिसायला अगदी सारखं. "बाबा, यातलं एक उतरलंय," ती म्हणाली. "केंद्रावरून आणलंय. फाटलं नाहीये अजून, फक्त वासाला कळतं. कुठलं ते सांगा बघू. तुमच्याशिवाय दुसरं कुणाला कळायचं नाही."

कंपाउंडरनी पहिला कप उचलला. नाकाशी धरला. दुसरा उचलला. मग पुन्हा पहिला. कप कलवून कडेला काही चिकटतंय का बघितलं. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिचा चेहरा केंद्राच्या दारात असतो तसा, कोरा. शेवटी त्यांनी दोन्ही कप पायरीवर ठेवले.

"दोन वर्षं झाली गं पोरी," ते म्हणाले.

सूनबाई त्यांच्याशेजारी बसली. मला वाटलं, आता ही रडणार. छे! ती भडकली. "दोन वर्षं? आणि आम्ही दोन वर्षं नाकं दाबून फिरतोय! मला वाटलं तुम्हाला आईंची आठवण येते म्हणून तुम्ही हे असलं सहन करता. एका शब्दानं सांगायचं नाही? आणि गॅस? गॅस सुटला तर कळणार कसं तुम्हाला?"

"आधी खिडकी उघडतो, मगच पेटवतो. रोज."

"धन्य आहे तुमची!"

"तू त्याला सांगणार?"

"सांगणार. चहा तुमचाच राहील, ते माझ्याकडे लागलं. पण हे," तिनं माझ्याकडे बोट दाखवलं, "हे आता असं चालायचं नाही. नाक माझं, हात तुमचे. कबूल?"

कंपाउंडरनी वाफ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "ही मला हाक मारायची, नाक घेऊन या म्हणून."

"मग आता तुम्ही मला मारा," सूनबाई म्हणाली.

त्या रविवारी भंगारवाला आला नाही, पण माझं पोट मोकळं झालं. त्याचं वर्णन मी कमीत कमी करते, कारण मलाच उलटी होते. सूनबाईनं तोंडाला दोन रुमाल बांधले. वायरमननं मला आडवं केलं आणि ते सगळं गोणपाटावर पचकन पडलं. अळ्या, चिखल, पिशव्यांचे कोपरे, ती मलमपट्टी, आणि कामवाल्या बाईवर ज्याचा आळ घेतला होता तो चहाचा चमचा. सूनबाईला दोनदा कुंपणाशी धावावं लागलं. कंपाउंडर मात्र उघड्या हातांनी सगळं निवडत होते. "मला काहीच होत नाही," ते म्हणाले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या गोष्टीचा घरात कुणाला तरी उपयोग झाला. माझी भोकं खिळ्यानं मोकळी केली. आतून सोड्यानं धुतलं, मित्रांनो, सोड्यानं! मग केंद्राच्या आवारातून पोती भरून कोरडी पानं आली. घाण आणि पानं कालवून मला पुन्हा भरलं, झाकण विटेच्या तुकड्यावर तिरकं ठेवलं. पहिल्या वाफ्यातली माती उपसून उन्हात पसरली.

मग थांबणं आलं. कंपाउंडर एक दिवसाआड ढवळायचे आणि हाक मारायचे, "सूनबाई, नाक घेऊन ये गं!" ती यायची, वाकायची, एक श्वास घ्यायची आणि सांगायची, "परत." आठ दिवसांनी, "परत." पंधरा दिवसांनी, "परत." कंपाउंडर कासावीस व्हायचे. "अगं, ऊन चढायला लागलं, बी म्हातारं होतंय." पण ती दूध केंद्रावर कुणाला बधली नव्हती, इथं कशी बधणार? मी जीव मुठीत धरून बसले होते. त्या दहा दाण्यांचा निकाल माझ्या तोंडावर लागायचा होता.

महिना झाला. थंडी ओसरली, पायरी सकाळीच कोमट लागायला लागली. सूनबाई कामावर निघाली होती, अंगात पांढरा ॲप्रन. कंपाउंडरनी हाक मारली. ती आली, झाकण बाजूला केलं आणि वाकली. अगदी तशीच वाकली. मी ताठ झाले, सत्तावीस नंबरची, फळीवरून नुकतीच उतरलेली. तिनं एक श्वास घेतला. मग तिनं कधीच केलं नव्हतं ते केलं, दुसरा श्वास घेतला.

"घ्या," ती म्हणाली.

कंपाउंडरच्या हातातली काठी गळून पडली. "नुसतं घ्या नको गं म्हणूस. कसा येतोय ते सांग."

सूनबाईनं खूप विचार केला. बोलायची सवय नाही तिला. "आई वाफ्यातून काम करून आत यायच्या ना," ती म्हणाली, "आणि हात धुवायच्या आधी माझ्या गालाला लावायच्या, मुद्दाम. तेव्हा यायचा. तो."

कंपाउंडरनी मूठभर खत उचललं आणि नाकाशी धरलं. त्यांना काहीच आलं नसणार, ते मलाही ठाऊक होतं आणि तिलाही. तरी त्यांनी तो हात खाली घेतला नाही. सूनबाईला त्या दिवशी कामावर पोहोचायला उशीर झाला.

दहा दाणे लावले. सात उगवले. सात वेल दोऱ्यांवरून चढले, आणि सगळ्यात चांगल्या शेंगा कुणी तोडल्या नाहीत. आता त्या वाळतायत, बाटली धुऊन उन्हात पालथी ठेवली आहे. नव्या चिठ्ठीवर सूनबाईचं अक्षर आहे.

तर मित्रांनो, तुमच्या दारात माझ्यासारखी एखादी असेल तर तिच्यावर एवढी दया करा. ओलं टाकलंत तर वर कोरडंही टाका. तिला वारं लागू द्या. प्लास्टिक तिच्या घशात कोंबू नका. आणि घरातलं कुणी काही घाण करून ठेवत असेल, तर ओरडायच्या आधी त्याला ते कळतंय तरी का, एवढं जवळ बसून विचारा. आमच्याकडे ते विचारायला दोन वर्षं आणि बारा दाणे गेले.

मला किळस येत नाही असं समजू नका. रोज येते. आत्ताच झाकण सरकलं आणि कांद्याची सालं, चहाचा चोथा आणि कसलीशी चिकट देठं थेट तोंडात पडली. शी! पण त्यांच्या मागोमाग दोन ओंजळी कोरडी पानं पडली, आणि पायरीवरून हाक गेली, "सूनबाई, नाक घेऊन ये गं!"